धुळीतला निळा तांब्या

आमच्या कुंभिवलीची जिजा कर्जतकडच्या एका विद्यापीठाच्या कलादालनात साफसफाईला जाते. दालन लहान, पण काचेनं भरलेलं. भट्टीत वितळवून, फुंकणीनं फुंकून, हातानं घडवलेली काच. कुठे लाटेसारखी, कुठे पळसाच्या फुलासारखी. सकाळचं ऊन आत आलं की भिंतींवर रंग सांडतात. ते सगळं तेज जिजाच्या फडक्याचं.

एकच वस्तू ती पुसत नसे. मधल्या चौथऱ्यावरचा निळा तांब्या. खाली पाटी होती, शिल्पकार योगेंद्र यांची देणगी.

हा तांब्या घडला त्या दिवशी शिळफाट्याजवळच्या योगेंद्रच्या भट्टीवर जिजाचा नवरा कमलेश हाताखाली होता. काच मनासारखी फुगेना म्हणून योगेंद्रनं रागानं फुंकणी फिरवली. टोकाची लालभडक काच उडाली ती कमलेशच्या हातावर. विचारायला आलेल्यांना योगेंद्रनं सांगितलं, "पिऊन आला होता. स्वतःच धडपडला."

कमलेशनं उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. पण साहेबाचा शब्द गावात आधी पोचला आणि कमलेश मागून. हात गेला तो गेलाच. लोक दारुडा म्हणू लागले, मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. दारुड्याचा शिक्का घेऊनच तो मेला.

आमच्याकडे वैर धरलं की त्या घरचं पाणी पीत नाहीत. जिजा तेवढ्यावर थांबणारी नव्हती.

दालनाच्या समारंभाला योगेंद्र आला. भोवती विद्यार्थी. सगळी काच झळकत होती आणि त्याचा तांब्या चुलीमागच्या मडक्यासारखा मळकट. दालन सांभाळणाऱ्या सुरभी मॅडम ओशाळल्या.

"जिजाताई, अहो काल मी स्वतः पुसला होता की!"

"आज मी केर झटकला त्याच्यावर, मॅडम. ज्याच्या घरचं पानी पीत नाय, त्याचं भांडं मी कशाला उजळू?"

योगेंद्र हसला. "कोण हो तुम्ही, बाई?"

"ज्याचा हात भाजलात, त्या कमलेशची बायको." तिनं फडकं पुढे केलं. "घ्या, तुमीच पुसा. आन् पुसता पुसता पोरांना सांगा, त्या दिवशी फुंकणी कोनी फिरवली."

त्याचं हसू उतरलं. मुलं त्याच्याकडे बघू लागली. काचेच्या खोलीत तोंड लपवायला जागा नसते. जिकडे बघावं तिकडे आपलाच चेहरा.

"मीच फिरवली," तो हळूच म्हणाला. "कमलेश प्यायला नव्हता."

"हितं नको. कुंभिवलीत येऊन बोला. नायतर हा तांब्या रोज धुळीत, आन् का ते मी येईल त्याला सांगनार."

पुढच्या रविवारी तो आला. भर उन्हात पारावर उभा राहिला आणि गावासमोर बोलला. कोणी शिवी दिली नाही, कोणी बसा म्हटलं नाही. बोलून झाल्यावर त्याच्या घशाला कोरड पडली होती.

"बाई, थोडं पाणी मिळेल का?"

आमच्यात पाण्याला नाही म्हणत नाहीत. जिजा घरात गेली, पितळेचा तांब्या काठोकाठ भरून घेऊन आली. त्यानं ओंजळ पुढे केली. तिनं तांब्या त्याच्या पायाशी, धुळीत, शेवटच्या थेंबापर्यंत ओतला.

पारावरचा म्हातारा आबाजी कळवळला. "जिजे, पाप लागंल गं!"

"लागू दे," ती म्हणाली, आणि अंगणात बसून रिकामा तांब्या राखेनं लख्ख घासू लागली.