आठवडा सांगा, पोहे घ्या

आमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या घरात आज कोणता वार आहे हे कुणी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघत नसे. स्वयंपाकघरातून वास आला की कळायचं. सोमवारी सगळ्यांनाच लवकर निघायची घाई, म्हणून मुगाच्या डाळीची खिचडी. नवी भाजी बुधवारी संध्याकाळी यायची, तोवर टोपलीत चार मिरच्यांखेरीज काही उरत नसे, म्हणून बुधवारी सकाळी मटकीची उसळ. शुक्रवारी वहिनी भजनाला जायच्या, म्हणून झटपट होणारं पिठलं. हा आठवडा वहिनींनी बसवला होता आणि घरातली आम्ही आठ माणसं त्यावर चालत होतो.

वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. माझा नवरा, सासू-सासरे, धाकटा दीर सगळ्यांच्या आवाजात दिवसभर 'वहिनी' किंवा 'मोठी' अशी हाक असायची. अंगानं किरकोळ, चालणं मात्र असं की समोरच्यानं आपोआप बाजूला व्हावं. मी लग्न होऊन आले ती विजय नगरच्या एका शाळेतली नोकरी पदरात घेऊनच. सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत, पण "घराचं कसं होईल?" एवढं विचारलंच. मला ती नोकरी जिवापाड हवी होती. नवऱ्याची रेल्वेतली ड्यूटी आज दिवसाची तर उद्या रात्रीची, वहिनींचे यजमान, म्हणजे भाऊजी, संरक्षण साहित्याच्या कारखान्यात, धाकटा दीर कॉलेजात, भाऊजींची लेक शाळेत. नव्या सुनेनं सकाळी साडेसहाला घराबाहेर पडायचं, हे कुणाच्याच गणितात बसत नव्हतं.

वहिनींनी ते बसवलं. रविवारी सकाळी पोह्यांची कढई पुढ्यात घेऊन त्या बसायच्या आणि कोर्टात व्हावी तशी एकेकाची पेशी व्हायची. "आठवडा सांगा, पोहे घ्या," हा नियम. कुणाची ड्यूटी कधी, कुणाची परीक्षा कधी, कुणाला डॉक्टरकडे जायचंय, हे सांगितल्याशिवाय बशी मिळत नसे. मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, आठवड्यात बँकेची एक फेरी आणि एका मित्राकडे जाणं, एवढंच काम. पण तेही घसा खाकरून, लांबण लावून सांगायचे. वहिनी शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अच्छा बाबा, बँकेतून येता येता कोथिंबीर आणा." मामंजींना आपलं काम वाढल्याचा आनंद व्हायचा.

माझी पाळी आली की त्या माझ्याकडे बघायच्याही नाहीत. "हिची शाळा. ते ठरलेलंच आहे," म्हणून बशी पुढे करायच्या. ठरलेलं आहे म्हटल्यावर त्यावर कोण बोलणार?

एकदा मात्र सगळ्या आठवड्याचं खोबरं झालं. सोमवारी फ्रीज बंद पडला, मोड आलेली मटकी वाया जाईल म्हणून वहिनींनी मंगळवारीच उसळ केली. झालं! आमच्या यांची साप्ताहिक सुटी बुधवारी असायची. फोडणीचा वास आला तसं यांनी कूस बदलली आणि पांघरूण डोक्यावर घेतलं. दीर बुधवारचं प्रॅक्टिकल समजून कॉलेजात पांढरा कोट घालून हिंडून आला. मामंजी संध्याकाळी पिशव्या घेऊन भाजी आणायला निघालेसुद्धा. तेवढ्यात 'आज ड्यूटीवर का नाही?' म्हणून यांना ऑफिसातून फोन आला आणि घरात एकच धावपळ उडाली. सगळे वहिनींवर उलटले. वहिनी हसून हसून लाल झाल्या होत्या. "मी उसळ केली हो, बुधवार नाही केला! एवढी शिकलेली माणसं, भिंतीकडे पाहत नाही काहून?"

अशी वर्षं गेली. मग भाऊजींची पुण्याला बदली झाली. त्यांची लेक कॉलेजासाठी आधीच तिथे गेली होती, त्यामुळे वहिनींना आनंदच होता आणि त्यांच्या आनंदात मलाही आनंद होता. पण आता सकाळचं घर कोण सांभाळणार, हा प्रश्न मला सुटेना. एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मी म्हणून टाकलं, "वहिनी, मी राजीनामा देते. तुमच्याशिवाय हे काही जमायचं नाही."

त्यांनी हातातलं उलथनं खाली ठेवलं. "अच्छा? मग मी एवढी वर्षं काहून मरून राहिली होती? शाळा सोडली तर मला फोन करू नको. चलो, पोळी करपून राहिली."

त्यानंतर घरात चमत्कारिक गोष्टी दिसू लागल्या. दीर कणीक मळताना सापडला. हे भेंडी चिरत होते, इतकी जाड की मोजून आठ तुकडे झाले असावेत. मला वाटलं, वहिनी जाणार म्हणून सगळे त्यांना खूश करताहेत. रविवारी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. गाडी हलेपर्यंत त्या खिडकीतून सूचना देत होत्या आणि मी नुसती मान हलवत होते.

सोमवारी मी अंधारातच उठले, सगळा स्वयंपाक उरकूनच निघायचं असं ठरवून. पाहते तर सासूबाई ओट्याशी उभ्या, कुकर लावलेला.

"तुम्ही काहून उठल्या आई?"

"सोमवार माझा आहे," त्या वळून न बघताच म्हणाल्या. "मोठीनं एकेकाला धरून दिवस वाटून दिले. मंगळवार धाकट्याचा, बुधवार तुझ्या नवऱ्याचा. गुरुवारी तुझे सासरे वरण-भात लावतील, त्या दिवशी जेवताना देव आठवा. शुक्रवार पुन्हा माझा."

"आणि माझा?"

"शनिवार. तुझ्या शाळेला सुटी असते ना. तू डबा भर अन् निघ, ऑटो येऊन राहिला असेल."

शाळेचे पाचही दिवस वहिनींनी माझ्यासाठी या घराकडून मागून घेतले होते, आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. ऑटोत बसल्यावर मला रडू आवरेना. विजय नगर येईपर्यंत मी मनसोक्त रडले, मग ओढणीनं तोंड पुसलं आणि पहिल्या तासाला वेळेवर वर्गात शिरले.