नको तितकं चांगलं दुरुस्त झालेलं कुलूप

किल्लीकाकांना बिघडलेलं कुलूप नुसतं बघवत नसे. एकदा दात काढून घ्यायला दवाखान्यात गेले. बाकावर बसल्या बसल्या त्यांना दिसलं की समोरच्या कपाटाचं कुलूप अडकतंय आणि नर्सबाई किल्लीशी झटून झटून घामाघूम झाल्यात. झालं. काकांनी खिशातून चिमटा काढला, गुडघे टेकून बसले आणि कुलूप लोण्यासारखं फिरायला लागलं तेव्हाच उठले. तोवर त्यांचा नंबर येऊन गेला होता. ठणकणारा दात तसाच घेऊन घरी आले आणि गालाला हात लावून बायकोला सांगत बसले, की कुलूप बघायला तू हवी होतीस.

असा माणूस. जिन्याखालच्या दोन हात रुंद दुकानात चाळीस वर्षं काढली. एका भिंतीवर कोऱ्या किल्ल्या, दुसऱ्या भिंतीवर काका, असं त्यांचा मेहुणा म्हणायचा. मधे किल्ली कापायचं यंत्र. चाळीस वर्षांत कुणाचं कुलूप तोडलं नाही, उघडलं फक्त. तोडणं आणि उघडणं यात काय फरक आहे, हे ते गिऱ्हाइकाला किल्ली तयार होईपर्यंत ऐकवत. गिऱ्हाईक घाईत असलं तर जरा जास्तच.

तर एका दुपारी काका-काकू चादरी घ्यायला बाजारात गेले. काकूंच्या दोन्ही कानांत यंत्रं होती, वाटाण्याएवढी. बाजारात गलका फार, यंत्रात नुसता खणखणाट होतो, म्हणून काकूंनी ती काढली, मखमली डबीत ठेवली आणि डबी गाडीच्या पुढच्या खणात ठेवून खण बंद केला. काकांनी गाडीला कुलूप लावलं, दार दोनदा ओढून पाहिलं. अर्ध्या तासाने परत आले तो दाराची किल्लीची जागा उचकटलेली, पत्रा वाकलेला, खण उघडा. डबी गेली. सोबत काकूंची शाल आणि काकांचा चष्मा गेला. डबी पाहून चोराला वाटलं असणार की कानातले हाती लागले. तसे ते कानातलेच होते म्हणा, पण त्याच्या काय उपयोगाचे?

ही यंत्रं म्हणजे काय होती ते सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी काकूंना ऐकू येईनासं झालं आणि घरातलं बोलणं हळूहळू आटत गेलं. आधी गप्पा गेल्या, मग चेष्टा गेली, मग भांडणंही गेली. उरलं ते जेवायला चला आणि दिवा बंद करा. चार माणसांत काकू सगळे हसल्यावर मागून हसायच्या. मग तपासण्या झाल्या, यंत्रं आली. पहिल्या दिवशी काकू मोरीच्या दाराशी उभ्या राहून गळक्या नळाचं ठिबकणं ऐकत राहिल्या. आणि संध्याकाळी काकांशी कडकडून भांडल्या, नळ इतके दिवस गळतोय आणि मला कुणी सांगितलं नाही म्हणून. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. भांडणाने इतका सुखावलेला नवरा दुसरा पाहण्यात नाही.

आता डबी गेली आणि घर पुन्हा मुकं झालं. दुसरी यंत्रं दुकानाच्या जिवावर येण्यातली नव्हती.

घरी येताच काकांनी काय करावं? पाणी पिण्याआधी दाराचं कुलूप खोललं. तुटकं कुलूप उद्यापर्यंत ठेवायचं म्हणजे त्यांना झोप लागली नसती. आतल्या, किल्लीच्या खाचांवर बसणाऱ्या पत्त्या काढल्या, नव्या घातल्या, तोंडावरची चकती बदलली, पत्रा ठोकून सरळ केला, ओरखडे घासून रंगाचा हात फिरवला. कुलूप पहिल्यापेक्षा बरं झालं. मग हात धुऊन गाडी घेऊन चौकीवर गेले. हवालदाराने दार चारी बाजूंनी पाहिलं आणि तक्रारीत लिहिलं, की दारावर कोणतीही खूण आढळत नाही. काकांनी खाली सही केली. मनातून थोडे खूशही झाले, खूण आढळत नाही म्हणजे काम चोख झालं.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. हा काकूंचा धाकटा भाऊ, विम्याचा एजंट. तीन वर्षांपूर्वी त्याने काकांच्या गळ्यात घराचा विमा मारला होता आणि तेव्हापासून काका त्याला येता-जाता टोमणे मारत, की घराला काही होत नाही, तुझंच घर चालतं. त्याने समजावून सांगितलं. गाडीच्या विम्यात गाडी येते, गाडीतलं सामान येत नाही. पण घराच्या विम्यात घरच्या माणसांच्या वस्तू बाहेर चोरीला गेल्या तरी येतात. गाडी कुलूपबंद हवी, वस्तू नजरेस पडणारी नको. दोन्ही ठीक होतं. काकांच्या जिवात जीव आला.

"आणि गाडी फोडल्याची खूण हवी," मेहुणा म्हणाला. "कंपनीचा सर्व्हेअर येईल परवा पाहणीला. चला, दार दाखवा."

काकांनी दार दाखवलं. मेहुण्याने बोट फिरवलं, वाकून पाहिलं आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"भावोजी, सगळ्या गावाची कुलपं तुम्ही आठ-आठ दिवस रखडवता. हेच बरं तासाभरात झालं?"

धंदा कुलपाचा, चोरी कुलपाची आणि दारावर ओरखडाही नाही. त्यांनाच कुणी ही हकीकत सांगितली असती तर त्यांनी त्या माणसाला उंबऱ्यावरून परत पाठवलं असतं. निघताना मेहुणा दबक्या आवाजात म्हणाला, की आता एकच उपाय, तुम्हीच ते पुन्हा तोडा, तुमच्याइतकं कुणाला जमणार? म्हणाला हसत, पण थांबला उत्तरासाठी.

पुढचे दोन दिवस काकांना अन्न गोड लागेना. दुकानात एका बाईंच्या कपाटाची किल्ली शेजारच्या गोदामाला लागेल अशी कापून ठेवली. घरी काकू समोर बसून स्वेटर विणत. मधेच मान वर करून नजरेने विचारत, झालं का काही? काका हाताने खूण करत, होईल.

सर्व्हेअर यायच्या त्या सकाळी काका दुकान न उघडता गाडीपाशी गेले. हातात जाड स्क्रू ड्रायव्हर. बरोबर एक जुनं, तसल्याच दाराचं कुलूप घेतलं होतं, हात बसवायला. ते तिथल्याच बाकावरच्या लोखंडी शिकंज्यात घट्ट धरलं, टोक घातलं, पिळलं. तुटलं. पण कसं? कडा साफ, चीर सरळ, जणू मापाने कापलेलं. पाहणाऱ्याने शाबासकी द्यावी इतकं नेटकं. काकांनी कपाळावर हात मारला. मग गाडीच्या दाराकडे वळले, टोक किल्लीच्या जागेवर टेकवलं आणि तसेच उभे राहिले. चाळीस वर्षं ज्या हाताने कुणाचं कुलूप मोडलं नाही, तो आपल्याच कामावर उठत नव्हता. आणि उठला असता तरी त्या नेटक्या चिरेने चाडी खाल्लीच असती.

तिथे उभं असतानाच त्यांना आठवलं. कुलपातून निघालेले जुने तुकडे टाकायचे नाहीत, हा त्यांच्या गुरूचा दंडक. त्या पत्त्यांच्या उंचीत गिऱ्हाइकाची किल्ली लपलेली असते, म्हणून कागदात बांधून ज्याचे त्याच्या हातात द्यायचे. त्या दिवशीही त्यांनी सवयीने पुडी बांधली होती. गिऱ्हाईक ते स्वतःच, म्हणून खिशात टाकली होती. खिसा निळ्या सदऱ्याचा. आणि निळा सदरा आता दोरीवर वाळत होता.

काका धावले. सदऱ्याचा खिसा रिकामा. काकूंना विचारलं, पुडी कुठंय? काकू बघत राहिल्या. मोठ्याने विचारलं. समोरच्या खिडकीत दोन डोकी आली, काकूंना मात्र पत्ता नाही. ओठांवरून समजून घ्यावं तर काकांच्या मिशा आडव्या. शेवटी पावतीच्या पाठीवर लिहून दिलं. काकूंनी ती हात लांब धरून वाचली, सावकाश उठल्या, फळीवरून बटणांचा डबा काढला आणि त्यातून पुडी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"टाकत असते का मी कधी काही? अहो, पण एवढे घाबरलात कशाने?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. फाटकाशी सर्व्हेअरबाई आल्या होत्या. लेकीच्या वयाच्या, खांद्याला पिशवी. त्यांनी तक्रार वाचली, दार पाहिलं, भिंग लावून पुन्हा पाहिलं.

"काका, या दाराला कुणी हात लावल्याचं दिसत नाही."

काकांनी त्यांना ओटीवर नेऊन टेबलावर पुडी उलगडली. पाच पत्त्या, दोन वाकलेल्या, तीन सरळ, आणि तोंडावरची फाटलेली चकती. किल्ली त्यांच्या हातात दिली आणि सरळ पत्त्या तिच्या खाचांवर बसवून पाहायला सांगितलं. तिन्ही आपापल्या जागी चपखल बसल्या. बाईंनी मान डोलावली. पण पेन उघडलं नाही.

"तुकडे या कुलपाचे आहेत, ते पटलं. पण तुम्ही किल्लीवाले. असे तुकडे वाकवायला तुम्हाला किती वेळ लागेल?"

प्रश्न रास्त होता. आतल्या दाराशी काकू उभ्या होत्या, एकाचा ओठ, मग दुसऱ्याचा ओठ बघत. काका गाडीपाशी गेले आणि शिकंज्यातलं सकाळचं कुलूप काढून आणलं.

"हे मी तोडलंय. आज, तुम्ही यायच्या आधी. गाडीचं तोडायला निघालो होतो, त्याचा सराव." त्यांनी कुलूप पुढे केलं. "नाही जमलं मला. तुम्ही दोन्ही शेजारी ठेवून बघा बाई. माझं तोडणं हे असं. आणि ते, ज्याला कुलपाची माया नाही त्याचं."

बाईंनी चकती आणि कुलूप टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. एकीकडे सरळ चीर. दुसरीकडे चार ठिकाणी घसरलेलं टोक, बाहेरपर्यंत गेलेले वेडेवाकडे ओरखडे, उचकटलेली कड. फार वेळ पाहिलं. काकांना स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं. मग बाईंनी दोन्हींचे फोटो घेतले, पुडी पिशवीत ठेवली, पावती दिली आणि सांगितलं, की मी पाहिलं ते सगळं लिहीन, तुम्ही आत्ता बोललात तेही. निकाल वरचे साहेब देतील.

तेही लिहिणार, हे संध्याकाळी कळल्यावर मेहुण्याने डोकं धरलं. असा क्लेम मी जन्मात पाहिला नाही म्हणाला, स्वतःच्या तोंडाने कोण सांगतं? काकांनी त्यानंतरचे एकवीस दिवस पोस्टमनच्या सायकलीकडे कान लावून काढले. दात दुखायला लागला तेही कुणाला सांगितलं नाही.

बाविसाव्या दिवशी पत्र आलं. दोघांनी मिळून वाचलं, काकांनी चोरीला गेलेल्याच्या आधीचा फुटका चष्मा धरून. शाल आणि चष्म्याची पावती नव्हती, ते नामंजूर. कानाची यंत्रं मंजूर, वापराची थोडी कपात करून. काकूंनी पत्र घडी घालून बटणांच्या डब्यात ठेवलं.

नवी यंत्रं बसवून आल्या त्या दुपारी काकू काकांसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"आता सांगा. त्या बाईंशी त्या दिवशी काय बोलत होतात? तुमचा चेहरा पांढरा पडला होता."

परक्या बाईला सांगणं सोपं गेलं होतं. काकांनी मिशीवरून हात फिरवला, खिडकीकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं. मग सगळं सांगितलं, स्क्रू ड्रायव्हरपासून. हलक्या आवाजात. काकूंनी एकदाही मोठ्याने बोला म्हटलं नाही.