कार्डावर दोन पुस्तकं

लेखक जातो, पण त्याची पुस्तकं मागे उरतात, असं शोकसभेत सांगतात. आमच्या वाचनालयात मात्र पाच वर्षं कोणी घरी न नेलेलं पुस्तक रद्दीत काढतात, मग लेखक हयात का असेना.

परवा अशाच एका गठ्ठ्यासमोर ऐंशी वर्षांचे एक कादंबरीकार उभे होते. एके काळी त्यांच्या कादंबरीसाठी इथे नंबर लावावा लागे. त्यांचं जपानचं प्रवासवर्णन वाचून आमच्या गल्लीतल्या बायका जपानला जाऊन आल्यासारख्या बोलत. गठ्ठ्यातली सगळी पुस्तकं त्यांचीच होती.

"ही सगळी माझ्या नावावर द्या, बाई."

"काका, एका कार्डावर दोनच मिळतात," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"अहो, मी लिहिलीत ती."

"म्हणून तर दोन देतेय. आज खरं म्हणजे देवघेव बंद आहे."

ते एकेक पुस्तक उचलून मागची तारखांची चिठ्ठी पाहू लागले. वर शिक्क्यांवर शिक्के होते, खाली कोरी जागा. आपल्या आयुष्यातली कोणती दोन वर्षं ठेवायची, हे कोणालाही असं उभ्याउभ्या ठरवावं लागू नये. दोन निवडून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"तुमचं कार्ड आहे?"

मी दिलं. त्यांनी माझ्यासाठीही दोन काढली आणि शिक्का नीट उमटला ना, ते चष्मा लावून पाहिलं.

त्या दोन पुस्तकांना आता पाच वर्षं धोका नाही. मी ती अजून उघडलेली नाहीत.