परतीची वायर

दोन महिन्यांत तिसरी बॅटरी बसवून झाली, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही नवा घातला, तरी देवदत्त वर्तकांची गाडी सकाळी किल्ली फिरवली की नुसती कण्हायची. वर्सोव्याच्या त्यांच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी इतक्या वेळा धक्का मारला होता की वर्तक सर खाली उतरताना दिसले, की मंडळी जिन्यातूनच मागे वळायची. गॅरेजवाला आता सगळी वायरिंग बदलायला सांगत होता. शेवटी शेजारचा नंदकिशोर म्हणाला, "सर, एकदा मरोळला शेवंतीबाईंकडे न्या. इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या गेटाजवळ निळी ताडपत्री दिसेल."

ताडपत्रीखाली लाकडी फळीवर साठीला टेकलेली एक बारीक अंगाची बाई बसली होती. पदर कमरेला खोचलेला, नाकावर चष्मा, हातात तांब्याची तार. तारेचे वेढे भराभर एका चाकावर पडत होते. देवदत्त काही बोलणार, तेवढ्यात तिने मान न उचलता बोट वर केलं. मग म्हणाली, "तीनशे बारा. हां, बोला."

त्यांनी सगळं सांगितलं, आपण कॉलेजात शिकवायचो हेही. तिने मध्ये एकदाच विचारलं, "सेल्फ पण मंद फिरतो ना?"

"हो. म्हणून तर सगळे बॅटरी म्हणतात."

"गाडी चालू ठेवा. हेडलाइट लावा, पंखा फुल करा."

बॉनेट उघडून तिने मीटरची दोन टोकं बॅटरीला लावली. "बारा पॉइंट नऊ. चौदाच्या आसपास पायजे. गॅरेजवाल्याने इथंच बघितलं असणार आणि अल्टरनेटर बदलला." मग ती वाकली. लाल टोक अल्टरनेटरच्या बोल्टला, काळं त्याच्याच अंगाला. "चौदा पॉइंट तीन. बघा, देणारा नीट देतोय. घेणाऱ्याला पोचत नाय."

"म्हणजे मधली वायर."

"मधल्या वायरी दोन असतात, सर." तिने एक टोक अल्टरनेटरच्या बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर ठेवलं. "ही जाणारी. पॉइंट एक. ठणठणीत." मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. "आणि ही येणारी."

मीटरवर आकडा उभा राहिला. एक पॉइंट तीन.

देवदत्तांच्या डोक्यात बेरीज आपोआप झाली. बारा पॉइंट नऊ, अधिक पॉइंट एक, अधिक एक पॉइंट तीन. चौदा पॉइंट तीन. दशांशाचाही फरक नाही.

एकतीस वर्षं त्यांनी कॉलेजात फिजिक्स शिकवलं होतं. हेच गणित दर जुलैत फळ्यावर मांडलं होतं. पण प्रयोगशाळेत ते कधी जुळलं नाही. पोरं आकडे वहीत जुळवून आणायची आणि सरही त्यावर गुपचूप सही करायचे. आज तेलकट इंजिनावर, घरघरत्या पंख्याच्या वाऱ्यात, ते पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांदेखत जुळलं होतं.

शेवंतीबाईंनी गाडी बंद करायला सांगितली, पाना घेतला आणि इंजिनापासून बॉडीपर्यंत गेलेली तांब्याच्या तारांची एक जाड विणलेली पट्टी सोडवली. वरून ती बरी दिसत होती. त्यांनी ती हातात धरून वाकवली, तशी आतून हिरवी भुकटी फळीवर सांडली.

"गाडी कुठं उभी असते?"

"वर्सोव्याला. खाडीच्या बाजूला."

"मग खारं वारं खाणारच." त्यांनी पट्टी बाजूला टाकली. "सगळे जाणारी वायर बघतात. करंट गेला तसा घरी पण यायला पायजे ना? येताना तो या बॉडीतून येतो. अख्खी गाडी म्हणजे वायरच."

देवदत्तांनी नकळत गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला. अकरा वर्षं ते या गाडीत बसत होते.

नवी पट्टी कापता कापता बाई आपलं सांगू लागल्या. माहेर देवगडकडचं, वडील लालबागला गिरणीत. गिरणी गेली तशी सोळाव्या वर्षी शेवंती मरोळच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींची कॉइल भरायला लागली. एकवीस वर्षं भरली. वेढे मोजायची सवय इतकी, की गप्पा मारतानाही आकडा चुकायचा नाही.

"मग हे परतीच्या वायरीचं कोणी शिकवलं?"

"कोणी नाय." त्या हसल्या. "आमचे मिस्टर, माणिक, आरे कॉलनीच्या गोठ्यांतून दुधाचा टेम्पो चालवायचे. तो एकदा तीन दिवस गोठ्याबाहेर पडून होता. तीन मेकॅनिक आले, सगळ्यांचं एकच, बॅटरी. मी रजा टाकली. कारखान्यातला जुना काट्याचा मीटर मागून आणला आणि बसले. टेम्पोला धक्का मारून चालू केला. प्लस-मायनसला लावून बघते तर तोच कमी आकडा. दुसऱ्या दिवशी काळं टोक हातातून सटकलं आणि इंजिनावर टेकलं. काटा वर सरकला."

इतक्या वर्षांनीही तो काटा त्यांना समोर दिसत असावा.

"मी म्हटलं, मायनस आणि इंजिन एकच ना? लोखंडाला लोखंड जोडलेलं. मग काटा हलला कसा? जेवले नाय त्या दिवशी. जिथं जिथं जोड होता तिथं टोक ठेवत गेले. एका बोल्टच्या अलीकडे एक आकडा, पलीकडे दुसरा. बोल्ट घासला, टेम्पो किल्लीवर सुरू. मिस्टर म्हणाले, तुला देव पावला. मी म्हटलं, देव नाय, बोल्ट."

देवदत्त ऐकत होते. पुस्तकातले शास्त्रज्ञ त्यांनी पोरांना भरपूर सांगितले होते. पण मनात एक शंका उठावी, तिच्यासाठी जेवण सुटावं आणि उत्तर स्वतःच्या हातांनी सापडावं, असं झालेलं माणूस ते आयुष्यात पहिल्यांदा समोर बघत होते. आणि ते घडलं होतं आरेत, दुधाच्या टेम्पोपाशी.

पट्टी बसली. गाडी एका दमात सुरू झाली. बाईंनी मीटर त्यांच्याच हातात दिला. "तुम्ही बघा." चौदा पॉइंट दोन.

"सर, तुम्ही शिकवायचे ना? मग एक विचारू?" शेवंतीबाई हात पुसत म्हणाल्या. "बॉडीतून एवढा करंट जातो, मग हात लावला तरी आपल्याला का लागत नाय?"

"बारा-चौदा व्होल्टला आपली कोरडी कातडी दाद देत नाही."

"ते माहितेय मला. पण कातडी अडवते कशाने? तिच्यात असं काय आहे?"

वर्गात असा प्रश्न आला, की 'सिलॅबसमध्ये नाही' म्हणून देवदत्त पुढे जात.

"नीट वाचून येतो," ते म्हणाले. "गुरुवारी चालेल?"

"या ना. पण सकाळी या, दुपारी रिक्षावाल्यांची गर्दी असते."