एका चौकटीत दोघे भाऊ

आमच्या काकांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्यांचा उजवा अंगठा त्यांच्या ताब्यात नव्हता. तीस वर्षं एकच काम: खटका दाबायचा आणि लगेच अंगठ्याने रीळ पुढे सरकवायचं. ते सरकवलं नाही तर पुढचा फोटो आधीच्याच फोटोवर बसतो. शिकाऊ माणसाची ही चूक काका मात्र कला म्हणून मिरवायचे. काळ्या पडद्यासमोर त्यांनी पोस्टमास्तरांना स्वतःशीच बुद्धिबळ खेळायला लावलं होतं आणि तो फोटो दर्शनी काचेत टांगला होता. असा दुहेरी फोटो काढायच्या दिवशी काकू त्यांच्या अंगठ्याला पट्टी बांधायची, कारण तो सवयीने कधी रीळ सरकवेल याचा नेम नव्हता. गिऱ्हाईक विचारायचं, "कापलं का हो?" काका फणकारायचे, "नाही, आवरलंय."

एकदा शेजारच्या शिंपी भावांची आई आली. वडिलांच्या शिलाई मशीनवरून थोरल्या-धाकट्याचा सात वर्षं अबोला होता. राहायचे एकाच घरात, जेवायचे आईच्याच हातचं, पण पाळीपाळीने. आता तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तिने धसका घेतला होता.

"नजर राहील न राहील," ती म्हणाली. "त्याआधी दोघांना एकत्र बघायचंय. समोरासमोर नका आणू, नुसतं फोटोत बसवा."

काका हरखलेच. थोरला सकाळी येईल, धाकटा दुपारी, आणि आई एकदाच, थोरल्याबरोबर बसेल असं त्यांनी ठरवलं. ते धाकट्याला कळलं. "म्हणजे आई त्याच्या शेजारी आणि मी एकटा?" त्याची समजूत काढायला बेत उलटा केला, तर थोरला फुगून बसला. शेवटी आईने दोन्ही वेळा बसायचं ठरलं. मला विचारलं असतं तर मी दोघांच्याही कानाखाली जाळ काढला असता. पण मी पडले पुतणी, मला कोण विचारतंय!

काकांनी खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या. "मावशी, दोन्ही वेळा नाक समोर. तसूभरही हलायचं नाही." मावशींनी मान डोलावली. दिवसभर काका कॅमेऱ्याची राखण करत तिथेच डबा जेवले, आणि मला जवळून जाताना श्वाससुद्धा घेऊ देईनात.

फोटो धुऊन निघाला. डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा, दोघेही झकास. मधल्या आईला मात्र दोन तोंडं! ऐन वेळी ती सकाळी थोरल्याकडे वळली होती आणि दुपारी धाकट्याकडे. काकांनी कपाळावर हात मारला.

फोटो न्यायला मावशी आल्या, तर आपण कसे आलोय ते बघायला दोघे चिरंजीवही मागोमाग हजर. एक दाराशी, एक खिडकीशी.

"मावशी, माझी चूक झाली," काका कसंबसं म्हणाले. "पुन्हा काढतो."

मावशींनी फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. बराच वेळ बघत राहिल्या.

"चूक कुठे आहे? बरोबर आलाय. सात वर्षं मी घरात अशीच बसते."

काकू उगाच पडदा झटकायला लागली. दोघे भाऊ आपापल्या चपलांकडे बघत होते.

अखेर धाकट्याने विचारलं, "तिघांचा एकदम काढायला किती वेळ लागतो?"

"सेकंदसुद्धा नाही," काका म्हणाले.

थोरल्याने आईला खुर्चीत बसवलं, तिच्या बाजूला उभा राहिला आणि भावाकडे बघून म्हणाला, "ये की. आणि तिला समोर बघू दे."