कबड्डीच्या फोटोतली मिशी

१९ फेब्रुवारी २००६, रविवार. जुन्या कागदांना कसर लागली होती, म्हणून वाचनालयाच्या ओसरीवर सावलीत साडी अंथरून मी एकेक बाड उघडत होते. सगळं गावातल्या घराघरांतून मागून आणलेलं. कुणाच्या पणजोबांनी बोरूने लिहिलेली पोथी, कुणाच्या आजाने आखलेला गावाचा नकाशा, दीक्षेसाठी नागपूरला निघालेल्या ट्रकचा फोटो. पान झटकायचं, मध्ये सुका कडुलिंब घालायचा, फडक्यात बांधायचं. माझा नियम एकच होता: वस्तूवर कुणी काही लिहायचं नाही, गिरवायचं नाही. पुसट झालं असेल तर पुसट राहू द्यायचं.

मागच्या गल्लीतली एक बाई आली. तिचा नवरा नुकताच गेला होता. सुतक होतं म्हणून ओसरीखालीच उभी राहिली. कसा गेला, हे त्या वर्षांत कापसाच्या गावांत कुणी विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही.

“बाई, तुमच्यापाशी तो कबड्डीवाला फोटो हाय म्हणते.”

होता. गावाच्या संघाने पुसदला सामना जिंकला तेव्हाचा. उभ्यांच्या रांगेत तिसरा तिचा नवरा, अठराएक वर्षांचा, ओठावर नुकती फुटलेली रेघ.

“लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला. मतदान कार्डावर नुसता काळा डाग दिसते. परवा तेरवी हाय. भितीवर काय लावू, खिळा?”

मी फोटो तिच्यापुढे धरला. तिने बराच वेळ पाहिलं.

“म्या याले असा पाह्यलाच नाही. पाह्याले आला तवा मोठी मिशी होती. मिशीवरच तर पसंत केलता.”

सोमवारी तिच्या दिराला घेऊन, तेवढाच चेहरा मोठा करून घ्यायला मी आर्णीला गेले. फोटो दुसऱ्याच्या हाती सोडायचा नव्हता. स्टुडिओत हार घालायचे फोटो भिंतीला ओळीने टेकवले होते. लग्नाचे दोनच होते.

“ओरिजिनल ठेवून जा, बाई,” फोटोवाला म्हणाला.

“नाही. माझ्यासमोर कॉम्प्युटरवर घ्या.”

त्याने घेतला. दीर म्हणाला, “कोट नको चढवजा, भाऊ. फक्त मिशी काढजा.”

“काढतो ना.”

मग लाइट गेली. लोडशेडिंग संपेपर्यंत आम्ही बसस्टँडवर बसून राहिलो. संध्याकाळी फ्रेम वर्तमानपत्रात बांधलेलीच हातात आली. शेवटची एसटी लागलेली होती, उघडून बघायला वेळ नव्हता.

घरी तिने कागद फाडला. ओठ गुळगुळीत होता. मुळात होती तीही रेघ पुसून टाकलेली.

“म्या मिशी काढजा म्हणलं होतं!” दीर ओरडला.

“त्याने काढली,” मी म्हटलं.

ती फसकन हसली. मग फ्रेम तिने लांब धरली, जवळ आणली, आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.

“हा तर माहा पोरगा दिसून राह्यला, बाई. जित्या पोराच्या फोटोले हार घालू का मी?”

सकाळी आर्णीला जाऊन तेरवीच्या आत परत येणं जमणार नव्हतं. मी घरी आले. मूळ फोटो फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि झोपले. झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पकड घेऊन तिच्याकडे गेले. अंगणात पंगतीसाठी चुली पेटल्या होत्या. फ्रेमच्या मागचे खिळे काढले, फोटो बाहेर काढला. चकचकीत कागदावर पेन्सिल धरेना. तिने फळीवरून काजळाची डबी आणून दिली.

“घ्या. मले आता कायले पाह्यजे?”

आगकाडीला काजळ लावून मी मिशी काढली. ती शेजारी उकिडवी बसून सांगत होती. अजून जाड. डावीकडून जराशी खाली. टोकाले वर.

“हां,” ती म्हणाली. “आता हाय तो.”

काजळ काचेला लागू नये म्हणून कडेने पुठ्ठ्याच्या पट्ट्या घातल्या, काच बसवली, खिळे ठोकले आणि फ्रेम भिंतीवर टांगून हात धुतले.