पेरू, बोलिव्हिया आणि एक गाभण मेंढी

हंगामी मास्तराला कायम व्हायचं तर त्याच्या हातून काहीतरी भव्य घडावं लागतं, असा माझा तेव्हा समज होता. शाळेचं प्रदर्शन बघायला शिक्षणाधिकारी साहेब येणार आणि मग आम्हा दोघा हंगामींपैकी एकालाच कायम करणार, असं कळलं. दुसरे हंगामी, चित्रकलेचे मास्तर, यांनी पुठ्ठ्याचं वेरूळ कापायला घेतलं. मी म्हटलं, लेणी काय कुणीही करील. मी शाळेच्या अंगणात मातीचा पेरू-बोलिव्हिया महासंघ उभारला. एकोणिसाव्या शतकात हे दोन शेजारी देश एक झाले आणि तीनेक वर्षांत चिलीनं फौज घालून त्यांचा संसार मोडला, एवढंच मला ठाऊक होतं. औरंगाबादेत तेवढंही कुणाला ठाऊक नसणार, ही त्यातली मुख्य सोय.

दोघांच्या सीमेवर टिटिकाका सरोवर. निळा कागद चिकटवा, असं हेडमास्तरांचं म्हणणं. मला खरं पाणी हवं होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. शहर माळामाळानं पसरत चाललेलं, नळ मात्र मागंच राहिलेले. आमच्या वसाहतीत टँकर येईल तेव्हा येईल. तळाला रेनकोट फाडून अंथरला, नाहीतरी त्याला काम नव्हतं. घरातला शेवटचा भरलेला हंडा उचलला, तेव्हा बायकोनं दार धरून मला वाट करून दिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

साहेबांची जीप फाटकाशी थांबली आणि मागच्या पडक्या कुंपणातून एक मेंढी आत शिरली. पलीकडं चाऱ्यापायी गाव सोडून आलेलं धनगराचं बिऱ्हाड उतरलं होतं. मेंढी बोलिव्हिया तुडवत थेट सरोवरावर. मी काठी उचलली. मागनं धनगरीण धावत आली.

"मारू नगा, मास्तर. गाभण हाय. कालपासनं पाणी नाय तिला."

फाटकाशी हारतुरे चालले होते. तेवढ्यात मेंढी हाकलता आली असती. काठी हातात तशीच राहिली. मेंढी पीत होती. रेनकोटाच्या चुण्या दिसायला लागल्या, आणि साहेब येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय?"

"महासंघ मोडतोय, साहेब. ही चिली."

कुणी हसलं नाही. साहेब वाकले.

"पाणी कुठलं?"

"घरचं."

"आणि घरी?"

मी काठी खाली ठेवली. ते पुठ्ठ्याच्या वेरूळकडं वळले.

जूनपासून यायची गरज नाही, हे हेडमास्तरांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. जाताना अंगण सारखं करून जा, म्हणाले. मी फावडं घेतलं आणि पेरू न् बोलिव्हिया पुन्हा एक केले.